चामड्याच्या पट्टीखालची तार

सोमवार, ता. ४

डॉक्टर म्हणाले, मनात येतं ते रोज लिहून काढत जा, छातीतली धडधड कमी होईल. सूनबाई लगेच म्हणाली, "बरं झालं. तेवढीच आमच्या कानांना सुट्टी." डॉक्टर हसले. मी हसलो नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती वेतावर खुणा करायला. उभा जन्म वेत विणण्यात गेला. खुर्च्या, पाळणे, झोपाळे. आता बोटं वाकडी झाली आहेत, पण घरातल्या सगळ्या खुर्च्या माझ्याच हातच्या आहेत आणि एकही कुरकुरत नाही. माणसांचं तसं नाही.

आज लिहिण्यासारखं एवढंच की घरात पाहुणी येणार आहे, आणि मला कोणी विचारलेलं नाही.

सूनबाई संध्याकाळी ज्या हॉलमध्ये जाते तिथे बायकांच्या केंडोच्या स्पर्धा आहेत. सोबत शिबिर. बाहेरगावच्या आणि परदेशच्या बायका येणार. केंडो म्हणजे काय हे मला अजून घड्याळजीला समजावता येत नाही. घड्याळजी म्हणजे आमचा शेजारी, घड्याळं दुरुस्त करतो. तोंडावर लोखंडी गजांचा मुखवटा, छातीला ढाल, हातात बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधून केलेली तलवार. तिला शिनाई म्हणतात. ती घेऊन समोरचीच्या डोक्यात हाणायचं आणि हाणताना किंचाळायचं. घड्याळजी म्हणाला, "आमच्या घरी हे मुखवट्याशिवाय होतं."

माझा मुलगा घर सोडून गेला त्या वर्षी सूनबाईने हे सुरू केलं. दिवसा दातांच्या दवाखान्यात टेबलावर बसते, नंबर पुकारते. संध्याकाळी हॉल. आता तिथल्या बायकांना तीच शिकवते. पाहुणी म्हणजे परदेशातून येणाऱ्या, शिबिराच्या मुख्य शिक्षिका. सगळ्या जणी त्यांना मोठ्या बाई म्हणतात. मी म्हटलं, त्यांना हॉटेल मिळत नाही का? तर म्हणाली, "त्यांना आपलं घर बघायचंय, बाबा."

घर बघायचंय! घर काय विकायला काढलंय?

बुधवार, ता. ६

मुलाचा फोन आला. बरा आहे. कामात असतो. मी म्हटलं, तुझ्याकडे चार दिवस येऊ का, तर म्हणाला, "बाबा, सध्या जागेचा प्रश्न आहे." त्याच्याकडे सध्या नेहमीच जागेचा प्रश्न असतो. पण मन साफ आहे त्याचं. फोन ठेवताना 'जपा' म्हणतो.

सूनबाईने सकाळी घराबाहेर पडताना सांगितलं, "आज कोपऱ्यावर जाऊन फोटो काढून या. पांढऱ्या पडद्यासमोर, चष्मा काढून."

"कशाला?"

"लागतील."

"कशाला लागतील?"

"ठरलं की सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही जेवण सोडाल."

आता हे ऐकल्यावर माणसाने जेवायचं तरी कसं? मी घड्याळजीच्या दुकानात गेलो. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. न बघताच म्हणाला, "वृद्धाश्रमात फोटो लागतो बरं का, खुर्चीवाले. माझ्या मेव्हण्याच्या वेळी मागितला होता. त्यात तो इतका आनंदी दिसत होता की आधी घेतच नव्हते त्याला." आणि स्वतःच हसत बसला.

फोटो काढून आलो. काढताना डोळे मिटले गेले. परत काढला. त्यातही मी कोणाचा तरी खून करून आल्यासारखा दिसतो.

परवाच तिने मला विचारलं होतं, थंडी सोसते का तुम्हाला. आणि जाड लोकरीचा बनियन आणला. आपल्याकडे काय अशी थंडी पडते? पण अशा संस्थांच्या खोल्या थंडगार असतात म्हणे. सगळं जुळतंय.

शुक्रवार, ता. ८

मोठ्या बाई काल आल्या. मला वाटलं होतं कोणी धिप्पाड बाई असेल. या माझ्या खांद्याला लागतात. केस पांढरे, कापलेले. दारात चपला काढून त्या इतक्या वाकल्या की काही पडलंय की काय म्हणून मीही खाली बघितलं. आपली भाषा त्यांना येत नाही. सूनबाईला त्यांची येते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवून शिकली आहे. मी मधे बसतो आणि दोघींच्या तोंडाकडे बघतो.

बाई माझ्या खुर्चीत बसल्या, खुर्चीच्या हातावरची वीण बोटाने चाचपली आणि काही बोलल्या. सूनबाई म्हणाली, "त्या विचारतात, हे तुमचं काम का?" मी मान डोलावली. बाई पुन्हा वाकल्या. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. या घरात खुर्च्यांना कोणी विचारत नाही.

पण मग माझ्या हातून आगळीक झाली, म्हणजे त्यांच्या मते. सूनबाईची शिनाई जमिनीवर होती. मी चहाचा कप घेऊन येताना ती ओलांडली. सूनबाई एवढ्या जोरात "बाबा!" ओरडली की चहा सांडला. शिनाई ओलांडायची नसते म्हणे, वळसा घालून जायचं. मी म्हटलं, "माझ्याच घरात पाय कुठे टाकायचा हे आता बांबू सांगणार का?" तिने याचं भाषांतर केलं नाही.

मग बाईंनी माझ्या गुडघ्यांकडे बघून काही विचारलं. सूनबाई म्हणाली, "जिने चढता येतात का, विचारतात."

मी म्हटलं, येतात. का नाही येणार? नंतर लक्षात आलं, परक्या बाईला माझ्या गुडघ्यांची चौकशी कशाला?

आज संध्याकाळी कळलं. भांडी घासता घासता सूनबाई म्हणाली, "बाबा, मोठ्या बाईंची तिकडे मुलींसाठी शाळा आहे. त्यांना मदतनीस शिक्षिका हवी आहे. तीन वर्षांचं काम. या शिबिरातून आणि स्पर्धेतून त्या एकीला निवडणार आहेत. मला जायचंय."

"आणि मी?"

"तुमचं मी बघितलंय. त्याबद्दल बाईंशी बोलणं चाललंय. रविवार होऊ दे, मग सगळं नीट सांगते."

तुमचं मी बघितलंय! म्हणजे काय, एवढं कळायला चौथी पुरते. तिचा तरी काय दोष म्हणा. रक्ताचं नातं नाही. ज्याच्या हाताला धरून ती या घरात आली तोच इथे नाही. पण मग एवढी वर्षं माझ्या गोळ्या वेळेवर का दिल्या? सवय लावायची आणि मग काढून घ्यायची.

शनिवार, ता. ९

सकाळी मला हॉलवर नेलं. म्हणाली, घरी एकटे बसून नको नको ते मनात आणाल. हॉल मोठा, लाकडी जमीन, वर पत्रा. पंचवीस-तीस बायका अनवाणी. सगळ्या एकदम किंचाळल्या तेव्हा माझी गोळी घ्यायची राहिली आहे हे आठवलं.

दाराशी दोन बाया टेबल लावून प्रत्येक शिनाई तपासत होत्या. वजन करायच्या, टोकाला माप लावायच्या, चारी पट्ट्यांवरून हात फिरवायच्या. पट्टी चिरली असेल तर शिनाई बाद, कारण तडकलेल्या बांबूची ढलपी मुखवट्याच्या गजांतून डोळ्यात जाते. बरी असेल तर मुठीवर निळा शिक्का. सूनबाईच्या दोन होत्या, दोन्हींवर शिक्का बसला. ती मला म्हणाली, "एकदा शिक्का बसला की कोणीही हात लावायचा नाही. तुम्ही तर मुळीच नाही." सगळ्यांसमोर.

आणखी एक नियम सांगितला. उद्या प्रेक्षकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. ओरडायचं नाही, बसल्या जागेवरून खेळणारीला काही सांगायचं नाही. आणि जिंकणारीने आनंद दाखवला तर मिळालेला गुण काढून घेतात. मी म्हटलं, मग ही सुतकाची सभा आहे, खेळ कुठला! तिला सराव आहे, घरीही ती आनंद दाखवत नाही.

दुपारी मला घरी सोडून, पिशवी ठेवून ती परत हॉलवर गेली. जमिनीवर चौकोन आखायचे होते. बाई तिच्याबरोबरच.

मी पिशवीला हात लावणार नव्हतो. पण शिनाई बाहेर डोकावत होती आणि बांबू दिसला की माझा अंगठा राहत नाही. वरच्या शिनाईची एक पट्टी मधोमध, जिथे चामड्याची पट्टी आवळून बांधतात तिथे, नखाला लागली. केसाएवढी चीर. त्या दोघींच्या हाताला लागली नाही, माझ्या लागली. सकाळी नसेलही, सरावात पडली असेल. उद्या हिच्याच डोळ्यात गेली तर? आंधळ्या सुनेला कोण सांभाळणार, मी?

फोन करणार होतो. पण फोन केला तर पहिला प्रश्न, हात का लावलात.

म्हणून शिनाईची दोरी सैल केली, मधली चामड्याची पट्टी सरकवली, चिरेत सरस भरला आणि वरून बारीक पितळी तार घट्ट फिरवली. खुर्चीच्या पायाच्या सांध्याला फिरवतो तशी. टोक दुमडून परत त्याच फेऱ्याखाली सरकवायचं, ही आमच्या वडिलांची गाठ, दुसरं कोणी करत नाही. त्या गाठीने बांधलेली खुर्ची नातवंडांपर्यंत जाते. चामड्याची पट्टी परत जागेवर आणून आवळली. बाहेरून ब्रह्मदेवाला कळलं नसतं. हात अजून चालतो, एवढं समाधान वाटलं.

ती आली की सांगणार होतो. पण ती आली ती बाईंशी बोलतच. दोघी हसत होत्या. सूनबाईला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आल्या आल्या बाईंनी माझे ते फोटो मागून घेतले, एकेक बघितला, आणि पुन्हा दोघी हसल्या. माझ्या तोंडावर हसायला काय झालं?

मग नाही सांगितलं. मनात एक विचारही येऊन गेला. तो इथे लिहीत नाही, कारण तो माझा नव्हता, असाच आला.

रविवार, ता. १०

आजचं लिहायलाच हवं.

सकाळी सूनबाई दोन लढती जिंकली. कशी जिंकली ते मला नीट सांगता येणार नाही. समोरची पुढे येते असं वाटेपर्यंत सूनबाई तिच्या डोक्यावरून पार पलीकडे गेलेली असायची आणि तिन्ही पंचांची निशाणं वर. माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "तुमची मुलगी का हो?" मी हो म्हटलं. तेवढ्यापुरतं.

तिसरी लढत लांबडीशी. ही पाहुण्यांपैकी एक उंच मुलगी, मी तिला मनात लांबडी म्हणतो. सूनबाईने तेव्हा शिनाई बदलली. मूठ कापडाने पुसत ती माझ्याकडे बघून किंचित हसली. ही तीच, मी दुरुस्त केलेली.

पहिला गुण सूनबाईचा. मग दोघी जवळ आल्या, शिनाई शिनाईवर आपटली आणि आवाज वेगळा झाला. बांबूचा आवाज मला कळतो. चामड्याची पट्टी सरकली होती आणि आतली बांबूची पट्टी फाकली होती. सूनबाई थांबणार तेवढ्यात लांबडीने मनगटावर वार करायला हात पुढे टाकले, आणि तिच्या दंडाला काहीतरी लागलं. मुखवटा नाही, हातमोजा नाही, मधलीच उघडी जागा. रक्त आलं. फार नाही. पण पांढऱ्या बाहीवर थोडंही फार दिसतं.

पंचांनी थांबवलं. मुख्य पंच बाईने शिनाई हातात घेतली, दोन बोटांनी आतून तार ओढून वर धरली. वरच्या दिव्यात चमकली.

शिनाईत बाहेरची कुठलीही वस्तू घालणं म्हणजे फसवणूक. वजन वाढवायला, वार जड करायला लोक करतात म्हणे. मला काय माहीत? मला कोण सांगणार? शिक्का बसल्यावर घातली म्हणजे तर मुद्दामच. पंच तिघी कोपऱ्यात बोलल्या. मग मुख्य पंच सूनबाईला काही विचारत होती. सूनबाईने मुखवटा काढला. ती तारेकडे बघत होती. तारेचं टोक दुमडलेलं होतं. या घरात इतकी वर्षं खुर्च्या पुसल्या आहेत तिने. खुर्ची उलटी करून, पायांचे सांधेसुद्धा.

तिने एकदा वर बघितलं, मी बसलो होतो तिथे. मग पंचांना मोठ्याने म्हणाली, "शिनाई माझी आहे. तिची जबाबदारी माझी."

लढत गेली, आधीचा गुण गेला, स्पर्धेतून नाव गेलं. ती लांबडीसमोर गुडघ्यांवर बसून जमिनीला डोकं टेकेपर्यंत वाकली आणि तशीच राहिली. यजमान होती ती. सकाळी स्वागताचं भाषण तिनेच केलं होतं.

माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "शिकवणारीच अशी, मग बाकीच्यांचं काय!"

मी उठलो नाही. उठून काय सांगणार होतो? तिनेच बजावलं होतं, प्रेक्षकांनी टाळ्यांशिवाय काही करायचं नाही, बसल्या जागेवरून बोलायचं नाही. मी नियम पाळला. उद्या म्हणू नये की म्हाताऱ्याने भर सभेत तमाशा केला.

घरी आलो. जेवायला मात्र तिने वाढलं. गोळीही हातावर ठेवली.

सोमवार, ता. ११

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कोणी उलटंसुलटं सांगितलं तर माझ्याकडे असावं.

सकाळचा चहा. सूनबाई, बाई आणि मी. बाई उठल्या, त्यांनी आपली खुर्ची उचलून टेबलावर उलटी ठेवली. कप बाजूला करून, अगदी शांतपणे. पायाच्या सांध्याशी तार असते तिथे बोट ठेवलं. मग खिशातून रुमाल काढला. त्यात कालची तार होती. दोन्ही शेजारी धरल्या आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खुर्चीच्या विणीकडे बघत होत्या तशाच.

मग त्या बोलल्या, आणि सूनबाई दवाखान्यात नंबर पुकारते त्या आवाजात सांगू लागली.

"बाई विचारतात, ती तार तुम्ही बांधली का?"

मी कप जवळ ओढला. बाई पुन्हा बोलल्या.

"त्या म्हणतात, राग नाही. स्पर्धेचा निकाल बदलणार नाही, तो नियमच आहे. पण मला शाळेत न्यायचं की नाही, ते त्यांना आज ठरवायचंय. फसवणारीला मुलींसमोर उभं करता येणार नाही. घरातल्या माणसाने काळजीपोटी केलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून त्या तुम्हाला विचारतात. मला नाही. मी काही सांगितलं तरी ते माझ्या बाजूचंच होईल, म्हणतात."

स्वतःच्याच फाशीचं नाहीतर सुटकेचं ती वाक्य वाक्य सांगत होती आणि आवाज जराही हलत नव्हता. मला तर तिची भीतीच वाटली.

मी काय विचार केला तोही लिहितो. हो म्हटलं तर परक्या बाईसमोर मी चोर. आणि ती जाणार. नाही म्हटलं तर ती इथेच. एवढं गणित कोणालाही येतं. शिवाय मी वाईट काही केलंच नव्हतं. चीर होती, बांधली. न बांधली असती तर डोळा गेला असता, तेव्हा कोणाला विचारलं असतं?

मी म्हटलं, "त्यांना सांग, मला यातलं काही माहीत नाही. माझे हात आता चालत नाहीत. पितळी तार बाजारात कुठेही मिळते."

"एवढंच सांगू?"

"एवढंच."

"बाबा, नीट विचार करून सांगा. मी जसंच्या तसं सांगणार आहे."

"सांग ना! मी कुठे अडवलंय?"

तिने सांगितलं. मी इतकं बोललो होतो, त्यांच्या भाषेत ते एका ओळीत मावलं. बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, काही बोलतेय का म्हणून. ती बोलली नाही. मग बाईंनी खुर्ची सरळ करून जमिनीवर ठेवली, मला वाकून नमस्कार केला आणि सामान भरायला गेल्या. दारातून मागे बघून त्यांनी एक काहीतरी विचारलं, सूनबाईने नुसती मान हलवली. मी विचारलं, काय म्हणाल्या? "चहाबद्दल आभार मानले."

दिवसभर माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. भाषा तिला येत होती, मला नाही. मी काहीही बोललो तरी 'हो, यांनीच केलं' असं ती सांगू शकत होती. मला कळलंसुद्धा नसतं. तिला जायचंच होतं तर तिने का नाही सांगितलं? मग आता दोष कोणाचा?

बुधवार, ता. १३

पाहुण्या गेल्या. शाळेसाठी लांबडीला निवडलं. सूनबाई त्यांना निरोप द्यायला स्टेशनवर गेली होती. बाईंनी जाताना माझ्यासाठी एक चपटा डबा ठेवला होता, आत वेत छिलायची छोटी सुरी. उत्तम पोलाद आहे. सोबत चिठ्ठी होती, ती सूनबाईने वाचली आणि डब्यात परत ठेवली. मी म्हटलं, काय लिहिलंय? म्हणाली, "आणली तेव्हा लिहिली होती. आता तिचा उपयोग नाही."

हॉलच्या मंडळाने तिला वर्षभर शिकवू नका असं कळवलं. तिने किल्ली त्याच दिवशी देऊन टाकली.

म्हणजे आता संध्याकाळी ती घरी असेल. मला दार लावून एकट्याने बसावं लागणार नाही. छातीतली धडधडही दोन दिवस कमी आहे. डॉक्टरांना सांगायला हवं.

शनिवार, ता. २३

लिहिण्यासारखं नव्हतं. घर शांत आहे. ती सहाला येते, स्वयंपाक करते, वाढते. काही कमी करत नाही. मी बोललो की उत्तर देते. मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे, तर मीठ आणून ठेवते. पूर्वी म्हणायची, "तुमच्या जिभेची दुरुस्ती करून घ्या." आता नुसतं मीठ.

काल मी म्हटलं, तुझ्या त्या किंचाळण्याची सवय झाली होती, जरा गच्चीवर जाऊन सराव करत जा. चांगल्या मनाने म्हटलं. तिने ढाल आणि मुखवटा पुसून कोणाला तरी देऊन टाकलेत, हे मला तेव्हा कळलं.

घड्याळजीला म्हटलं, सुनेने अबोला धरलाय. तो म्हणाला, "बोलते तर सगळं." मी म्हटलं, बोलते, पण बोलत नाही. तो म्हणाला, "अशी घड्याळं येतात माझ्याकडे. काटे फिरतात, वेळ दाखवत नाहीत." त्याला सगळ्यातच घड्याळ दिसतं.

शुक्रवार, ता. २९

काल रात्री जेवण झाल्यावर ती समोर बसली. म्हणाली, "बाबा, मी रविवारी जातेय. तुमच्या मुलाला कळवलंय. तो येईल."

मला वाटलं चार दिवस कुठे जात असेल. म्हटलं, परत कधी? ती म्हणाली, "परत नाही."

मी म्हटलं, त्याच्याकडे जागेचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "तर तुम्ही दोघं मिळून सोडवा. तो तुमचा मुलगा आहे." गॅसचं बटण दाखवलं, गोळ्यांचे डबे दाखवले, दवाखान्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. सगळं माझ्या सोयीचं.

मी म्हटलं, "अगं, पण तिकडचं काम तर गेलं ना? आता कुठे निघालीस?"

"दुसऱ्या गावी दातांच्याच दवाखान्यात काम मिळालंय. वर एक खोली आहे."

"एक खोली मिळायला काय लागतं? जायचंच होतं तर मग आधीच का नाही गेलीस? एवढी वर्षं कशाला थांबलीस?"

ती उठली. माझं ताट उचललं, टेबल पुसलं. मग पाठमोरीच म्हणाली, "आधी दोघांपुरती जागा शोधत होते, बाबा."

मी रात्रभर त्यावर विचार केला. दोघांपुरती म्हणजे ती आणि कोण? मुलाचं तर तिने नाव टाकलंय. मग दुसरा कोणी असणार, आणि मला पत्ता लागू दिला नाही. घड्याळजीकडे तेवढ्यासाठी आत्ता सकाळी जाऊन आलो. फोटोपासून सुरीपर्यंत सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला काय वाटतं, कोण असेल? त्याने भिंग काढून ठेवलं. हसला नाही. म्हणाला, "घरी जा, खुर्चीवाले. रविवार आहे अजून दोन दिवसांवर. जाऊन बोला तिच्याशी."

काय बोलू? तिनेच सांगायला हवं, कोण आहे तो.